वहीत २३, रिपोर्टमध्ये ४१: इव्हेंट ट्रॅकिंगमधल्या या चुका टाळा

होमस्टेवाले, स्कूटर भाड्याने देणारे, काजूवाले अशा लोकांच्या वेबसाइटचा डेटा तपासणं हे पणजीत माझं रोजचं काम. चतुर्थी जवळ आली किंवा सीझन सुरू झाला की फोन येतात, आणि उघडून बघावं तर त्याच त्या चुका. म्हणून लिहून ठेवतोय. इव्हेंट ट्रॅकिंग म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाने काय केलं (पान उघडलं, खरेदी केली) ते आपोआप मोजणं. इथे ती मोजणी गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये, म्हणजे जीए-४ मध्ये, होते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे रिपोर्ट रिपोर्टशीच ताडून बघणं. अ‍ॅनालिटिक्समधल्या ऑर्डरी जाहिरातीच्या खात्यातल्या ऑर्डरींशी जुळल्या की लोक निर्धास्त होतात. पण दोन्हीकडे आकडा त्याच पानावरून जात असेल, तर चूकही दोन्हीकडे सारखीच पोचते. ताळा घ्यायचा तो दुकानाच्या वहीशी.

फोंड्याजवळचे एक काजूवाले. चतुर्थीच्या आधी रिपोर्टमध्ये विक्री दुपटीकडे चाललेली दिसली, म्हणून वेबसाइट सांभाळणाऱ्यांनी त्यांना जाहिरातीचं बजेट वाढवायला लावलं. मालकांनी मला फोन केला. "भाई, एवढ्या ऑर्डरी आल्या असत्या तर माझी पाकिटं केव्हाच संपली असती. खोलीभर तशीच पडलीत." मी दुकानात जाऊन बसलो. त्यांची लाल वही, त्यात तारखेखाली बिल नंबर, गाव, किलो, रक्कम. आम्ही एकच दिवस घेतला. वहीत २३ ऑर्डरी, रिपोर्टमध्ये ४१.

ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे प्रत्येक खरेदीचा वेगळा नंबर, पाठवलाच जात नव्हता, त्यामुळे तास आणि रक्कम लावून एकेक ओळ जुळवावी लागली. सकाळी दहाला १,८५० रुपये. दुपारी दोनला पुन्हा १,८५०. संध्याकाळी पुन्हा तेच. वहीत मात्र या रकमेचं बिल एकच. गिऱ्हाइकाने 'धन्यवाद' पान मोबाइलमध्ये उघडं ठेवलं होतं. पार्सल कधी येणार ते बघायला ब्राउझर उघडला की पान नव्याने लोड व्हायचं आणि परचेस इव्हेंट, म्हणजे 'खरेदी झाली' हा निरोप, पुन्हा जायचा. पान लोड झालं म्हणजे विक्री झाली, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक परचेससोबत खरा ऑर्डर नंबर ट्रान्झॅक्शन आयडी म्हणून पाठवा. तोच आयडी परत आला तर जीए-४ ती खरेदी एकदाच धरतं. रकाना रिकामा पाठवू मात्र नका, कारण मग सगळ्या रिकाम्या आयडींना ते एकच समजतं आणि खऱ्या ऑर्डरी गायब होतात. मी शिवाय साइटवरही एका ऑर्डरचा इव्हेंट एकदाच सुटेल अशी अट घालून घेतो.

वही जुळवण्याआधी प्रॉपर्टीचा (जीए-४ मधल्या तुमच्या साइटच्या खात्याचा) टाइम झोन भारताचा आहे ना, तेवढं बघा, नाहीतर तुमचा दिवस आणि रिपोर्टचा दिवस वेगळ्याच वेळी संपतात. आकडे शंभर टक्के जुळणार नाहीत. काहींच्या फोनवर अ‍ॅड-ब्लॉकर असतो, काही मोजणीला संमतीच देत नाहीत. वहीपेक्षा रिपोर्ट थोडा कमी भरला तर मी चालवून घेतो. जास्त भरला तर त्याच दिवशी शोध सुरू करतो.

दुसरी चूक, ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रिव्ह्यू मोड (चाचणीचा मोड) लावायचा, टॅग, म्हणजे इव्हेंट पाठवणारा कोडचा तुकडा, सुटलेला बघायचा आणि "झालं" म्हणून कळवायचं. नवीन मुलं हमखास हेच करतात. अहो, होमस्टेचं गिऱ्हाईक येतं इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमधून, मोबाइल डेटावर. पैसे भरायला यूपीआय अ‍ॅपमध्ये जातं, पैसे कटतात आणि ते तिथूनच फोन खिशात टाकतं. 'धन्यवाद' पान उघडतच नाही आणि बुकिंग मोजलं जात नाही. अशा ठिकाणी पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेकडून) थेट सर्व्हरला येतो, तेव्हा सर्व्हरवरूनच परचेस पाठवायला हवा. आणि जे गेटवेवरून परत येतात त्यांचा स्रोत गेटवेच दिसतो, तेव्हा त्याचं डोमेन नको असलेल्या रेफरलच्या (स्रोत म्हणून धरायच्या नाहीत अशा साइटच्या) यादीत टाका. माझी सवय अशी की साध्यातला साधा अँड्रॉइड फोन घेऊन म्हापशाच्या बसस्टँडवर जायचं आणि खरे पैसे भरून एक ऑर्डर करायची. एकदा पूर्ण करायची, एकदा पैसे भरून मध्येच सोडायची.

बाकीच्या थोडक्यात. इव्हेंटच्या नावात एकीकडे कॅपिटल आणि दुसरीकडे स्मॉल अक्षर असेल तर जीए-४ ते दोन वेगळे इव्हेंट धरतं. रक्कम नुसता आकडा म्हणून पाठवा, रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविराम नको, आणि सोबत करन्सी द्याच. साइटच्या कोडमध्ये टॅग आहे आणि टॅग मॅनेजरमध्येही (टॅग सांभाळायच्या गूगलच्या साधनात) आहे, तर इव्हेंट दोनदा जातो, एक काढा. कस्टम डायमेन्शन, म्हणजे तुम्ही स्वतः ठरवलेला जास्तीचा रकाना, पहिल्या दिवशीच नोंदवा, मागचा डेटा त्यात भरून येत नाही. डेटा रिटेन्शन (सविस्तर डेटा किती काळ साठवायचा ते) मुळात २ महिने असतं, ते १४ वर न्या, नाहीतर मागच्या सीझनशी सविस्तर तुलना करायला हाती काही उरत नाही. स्वतःच्या ऑफिसचा ट्रॅफिक गाळणारा फिल्टर 'टेस्टिंग'वरच पडून राहतो, तो चालू करा. गिऱ्हाइकाचा ईमेल किंवा फोन नंबर पानाच्या पत्त्यात जाऊ देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि लोकांची माहिती अशी उघडी टाकणं चूकच आहे.

आणि घाई करू नका. बदल केला की तासाभरात "रिपोर्टमध्ये दिसत नाही" म्हणून फोन येतो आणि तोवर कोणीतरी दुसरा टॅगही लावून मोकळं झालेलं असतं. डीबगव्ह्यूमध्ये (जीए-४ च्या चाचणीच्या पडद्यावर) लगेच दिसतं, पण नेहमीच्या रिपोर्टला २४ ते ४८ तास लागतात. मी बदल शक्यतो सोमवारी करतो, वहीत तारीख लिहितो आणि गुरुवारी बुधवारच्या नाही, मंगळवारच्या ऑर्डरी जुळवायला बसतो.