पहिला स्मोकर कसा निवडावा : अमेरिकेतील मराठी घरांसाठी कमी खर्चाचे मार्गदर्शन

ग्रिल आणि स्मोकर ही दोन वेगळी साधने आहेत, आणि पहिली खरेदी फसते ती बहुधा हा फरक लक्षात न घेतल्यामुळे. ग्रिलवर पदार्थ थेट निखाऱ्यांवर, मोठ्या आचेवर, काही मिनिटांत भाजला जातो. स्मोकरमध्ये तो विस्तवापासून दूर ठेवलेला असतो आणि २२५ ते २७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ ते १३५ अंश सेल्सियस इतक्या मंद आचेवर, लाकडाच्या धुरात कित्येक तास शिजत राहतो. टेक्सासचे ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचे मांस, किंवा कॅरोलायनाचे डुकराच्या खांद्याचे मांस हे मुळात चिवट भाग आहेत. त्यांतील कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन हळूहळू वितळून त्याचे जिलेटिन झाले की मगच ते मऊ पडतात, आणि या क्रियेला घाई चालत नाही. त्यामुळे ठरवलेले तापमान सहा-आठ-दहा तास न हलता टिकवणे हे स्मोकरचे मुख्य काम आहे. खालच्या सगळ्या सूचना याच एका कसोटीवर बेतलेल्या आहेत, कारण नवशिक्याचा हुरूप मावळतो तो चव बिघडल्यामुळे नव्हे, तर दिवसभर आगीशी झटापट करावी लागल्यामुळे.

पहिली पायरी : जागा आणि नियम

दुकानात जाण्याआधी घराचा भाडेकरार आणि सोसायटीचे, म्हणजे तिकडच्या भाषेत एचओएचे, नियम वाचून घ्यावेत. अमेरिकेतील अनेक राज्यांनी आणि शहरांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल फायर कोडनुसार अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत, किंवा जळू शकणाऱ्या बांधकामापासून १० फुटांच्या आत, कोळशावर चालणारे उपकरण सहसा वापरता येत नाही. एक किंवा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना यातून सूट आहे, परंतु गावोगावी तपशील बदलतात. न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या परिसरात अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा प्रश्न येथेच निकाली निघतो. त्यांच्यासाठी विजेवर चालणारा छोटा स्मोकर हा एक पर्याय उरतो आणि तोही घरमालकाची लेखी परवानगी घेऊनच.

स्वतःचे अंगण असेल तर सपाट, कोरडी आणि वाऱ्यापासून आडोशाची जागा शोधावी. कडाक्याच्या थंडीपेक्षा वारा अधिक त्रास देतो, कारण तो स्मोकरच्या झडपांतून, म्हणजे हवा आत-बाहेर करणाऱ्या भोकांवरच्या झाकणांतून, आत शिरून आग भडकवतो आणि पत्र्याची उष्णताही ओढून नेतो. गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, स्मोकर कधीही पेटवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

दुसरी पायरी : किती माणसांसाठी आणि काय शिजवणार

१८ इंच व्यासाच्या जाळीवर दोन अख्ख्या कोंबड्या किंवा डुकराच्या खांद्याचे दोन मध्यम तुकडे आरामात बसतात, आणि चार-पाच जणांच्या घराला एवढा आकार पुष्कळ होतो. वर्षातून दोनदा तीस पाहुणे येतात म्हणून मोठा स्मोकर घेणे महागात पडते, कारण मोठी पोकळी तापवायला दर वेळी जास्त कोळसा जाळावा लागतो. घरात बीफ किंवा डुकराचे मांस चालत नसेल तरी काही अडत नाही. कोंबडी, बकऱ्याची मांडी, कोकराचा खांदा आणि सामन मासा हे सगळे स्मोकरमध्ये उत्तम होतात. शाकाहारी घरांतही याचा उपयोग आहे : भरिताची वांगी सफरचंदाच्या लाकडाच्या धुरात दीड-दोन तास ठेवली, तर जी चव आपण एरवी निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देऊन मिळवतो, ती गरात खोलवर मुरते.

तिसरी पायरी : आगीपाशी किती वेळ देता येईल

खरी निवड या प्रश्नाच्या उत्तरावर होते, म्हणून येथे थोडे थांबावे.

स्वस्त आणि तरीही भरवशाचा पर्याय हवा असेल तर माझे पहिले मत गोल झाकणाच्या केटल ग्रिलला आहे. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये बोयाच्या, म्हणजे बोटींना वाट दाखवण्यासाठी पाण्यावर तरंगत ठेवलेल्या धातूच्या गोळ्याचे दोन भाग करून हा आकार घडवला, आणि तो आजही जवळजवळ तसाच विकला जातो. २२ इंची केटल साधारण १५० ते २५० डॉलरमध्ये येते. ती मुळात ग्रिल असली तरी कोळशाच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या वड्या, कडेने दोन-दोनच्या रांगेत अर्धवर्तुळात रचून, फक्त एक टोक पेटवले, की आग त्या रांगेतून सावकाश सरकत जाते आणि पाच-सहा तास मंद आच सहज मिळते. रांगेवर मधून मधून लाकडाचे ठोकळे ठेवावेत आणि मांस मोकळ्या बाजूला ठेवावे. धुराचा नाद लागला नाही तर ग्रिल म्हणून ती वापरात राहतेच. पैसे वाया जात नाहीत, हा तिचा मोठा गुण आहे.

केवळ धुरासाठीच साधन हवे असेल तर उभा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा स्मोकर घ्यावा. या प्रकारातला सर्वांत परिचित म्हणजे वेबर कंपनीचा स्मोकी माउंटन, जो १९८१ पासून बाजारात आहे. तळाशी कोळसा, मध्ये पाण्याचे भांडे आणि वर दोन जाळ्या अशी त्याची रचना असते. पाण्याचे तापमान उकळबिंदूच्या वर जात नसल्यामुळे ते भांडे जादा उष्णता शोषून घेते आणि आतला पारा एकदम चढू देत नाही. नवशिक्याला याचा फार आधार होतो. जिम मिनियन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत न पेटलेला कोळसा भरून त्यावर थोडे पेटलेले निखारे टाकतात. आग वरून खाली हळूहळू उतरते आणि एकदा झडपा बसवल्या की १८ इंची स्मोकर आठ-दहा तास एका भरणीत चालतो. १४ इंची नमुना ३०० डॉलरच्या आसपास मिळतो, १८ इंची त्याहून बराच महाग आहे. परंतु हीच वस्तू जुन्या बाजारात सर्रास अर्ध्या किमतीला दिसते.

पिंपाच्या आकाराचे ड्रम स्मोकरही चांगले असतात. पिट बॅरल कुकरमध्ये मांस आकड्यांना टांगून थेट निखाऱ्यांच्या वर ठेवतात. झडपांकडे फारसे पाहावे लागत नाही आणि कोंबडी लवकर, खरपूस होते. ४०० डॉलरच्या आतबाहेरची किंमत ज्यांना परवडते त्यांनी त्याचा विचार जरूर करावा.

विजेचा स्मोकर २०० ते ३०० डॉलरमध्ये येतो आणि बटण फिरवून तापमान ठरवता येते. त्याच्या मर्यादा मात्र आधी समजून घ्याव्यात. बहुतेक नमुने २७५ अंश फॅरनहाइटच्या वर जात नाहीत, म्हणून कोंबडीची कातडी चिवट राहते, आणि लाकूड ज्वाळेने न जळता केवळ तापून धुमसत असल्यामुळे धुरातल्या मांसाची खूण समजली जाणारी कडेची गुलाबी पट्टी उमटत नाही. त्या पट्टीने चवीत फरक पडत नाही, त्यामुळे तिच्यासाठी खंत करू नये. लाकडाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारे स्मोकर ओरेगनच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात आणले आणि २००६ मध्ये त्यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही या धंद्यात उतरल्या. ते सोयीचे आहेत. पण चांगला नमुना ४०० ते ५०० डॉलरच्या खाली क्वचित मिळतो, त्याला विजेची जोडणी लागते आणि पेलेट ओले झाले की त्यांचा भुसा होऊन त्यांना आगीकडे ढकलणारा आतला स्क्रू अडकतो.

आता ज्या प्रकारापासून नवशिक्याने लांब राहावे असे मला कळकळीने वाटते, त्याविषयी. मोठ्या दुकानांच्या दाराशी, काळ्या रंगाचा, आडव्या पिंपाला बाजूला पेटी जोडलेला ऑफसेट स्मोकर २०० डॉलरच्या आसपास मांडलेला असतो, आणि टेक्सासच्या लॉकहार्ट किंवा टेलर गावांतील प्रसिद्ध बार्बेक्यू ठिकाणांशी दिसायला त्याचे नाते वाटते म्हणून तो मनात भरतो. परंतु त्या ठिकाणांचे पिट जाड पोलादाचे किंवा विटांचे असतात, तर या स्वस्त नमुन्याचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो. असा पत्रा उष्णता धरून ठेवत नाही, झाकणाच्या फटींतून धूर निसटतो, आगीच्या बाजूचे आणि धुराड्याच्या बाजूचे तापमान कितीतरी अंशांनी वेगळे असते, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने नवीन लाकूड घालत बसावे लागते. फटी बुजवून, आत पत्रे बसवून तो सुधारता येतो, पण त्या दुरुस्तीचा खर्च आणि वेळ धरला तर चांगला उभा स्मोकर आलाच असता. पाव इंच जाडीच्या पोलादाचा ऑफसेट उत्तमच असतो. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या खरेदीसाठी राखून ठेवावा.

चौथी पायरी : पैशांची वाटणी

हाताशी ३०० डॉलर असतील तर ते सगळे स्मोकरवर घालू नयेत. त्यांतील ५० ते ६० डॉलर दोन सुयांच्या डिजिटल थर्मामीटरसाठी बाजूला काढावेत : एक सुई जाळीजवळ, दुसरी मांसाच्या मधोमध. झाकणावर बसवलेला काटा जाळीपासून बराच वर असतो आणि स्वस्त नमुन्यांत तो सरळसरळ चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून त्याच्या भरवशावर बसू नये. कोळसा पेटवायची धातूची नळकांडी, जिला चिमणी म्हणतात, वीस-पंचवीस डॉलरला मिळते आणि तिच्यामुळे पेटवण्याच्या द्रवाची गरज उरत नाही. त्या द्रवाचा वास मांसाला लागतो. उष्णता सोसणारे हातमोजे, कोळशाच्या एक-दोन थैल्या आणि लाकडाच्या ठोकळ्यांची एक थैली इतके घेतले की सुरुवात होते. सफरचंद आणि चेरीचे लाकूड सौम्य असते, हिकरीचा धूर ठसठशीत असतो आणि मेस्क्विट नवशिक्याच्या हातून फार लवकर कडवट होते. पाइनसारखे राळेचे लाकूड, रंगवलेल्या फळ्या किंवा रसायने लावलेले लाकूड कधीही जाळू नये.

पाचवी पायरी : हात लावून पारख

दुकानात नमुना जोडून ठेवलेला असेल तर झाकण बंद करून त्याच्या कडेत एक डॉलरची नोट अडकवावी आणि ओढून पाहावी. ती चार-पाच ठिकाणी अलगद सरकत बाहेर आली, तर त्याच ठिकाणांहून उद्या धूर आणि उष्णता बाहेर जाणार आहे. मोबाइलचा टॉर्च लावून तो आत ठेवला आणि झाकण मिटले तर फटींतून येणारा उजेडही बरेच सांगून जातो. नंतर खालच्या झडपा उघडझाप करून बघाव्यात. त्या अडखळत असतील किंवा पूर्ण मिटत नसतील तर ते नग सोडून द्यावे, कारण आगीवरचा सगळा ताबा त्या झडपांतूनच चालतो. पाय डगमगत नाहीत ना आणि राख काढायला सोपी वाट आहे ना, हेही पाहावे.

फेसबुक मार्केटप्लेस किंवा क्रेगलिस्टवर जुना स्मोकर पाहताना वरवरच्या गंजाची धास्ती घेऊ नये. तो तारेच्या ब्रशने निघतो. कोळशाच्या पेटीचा तळ मात्र स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावा, आणि पत्रा पिचला किंवा पापुद्रे सुटले तर किंमत कितीही कमी असली तरी नको म्हणावे. नवाच घ्यायचा असेल तर मे अखेरचा मेमोरियल डे, चार जुलै आणि उन्हाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, भाव उतरतात.

सहावी पायरी : पहिली आग

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी मांस ठेवू नये. आतल्या बाजूला खाद्यतेलाचा पातळ हात फिरवून (रंगाचा किंवा मुलाम्याचा भाग असल्यास निर्मात्याची सूचना पाळून) रिकामा स्मोकर दोन-तीन तास तापवावा. कारखान्यातील तेलकटपणा जळून जातो आणि त्या वेळात झडपांची सवयही होते. खालची झडप बोटभर मिटल्यावर पारा किती उतरतो, उतरायला किती मिनिटे लागतात, हे वहीत टिपून ठेवावे. वरची झडप पूर्ण मिटू नये, नाहीतर शिळा धूर आत कोंडतो. दाट पांढरा धूर निघत असेल तोवर आग नीट पेटलेली नसते आणि असा धूर मांसाला कडू चव देतो. तो विरळ, निळसर दिसू लागला की पदार्थ आत ठेवावा.

पहिल्यांदा कोंबडी घ्यावी. ती स्वस्त असते, दोन-तीन तासांत होते आणि २७५ ते ३२५ अंशांवर शिजवली तर कातडीही चांगली होते. मांडीच्या आणि छातीच्या सर्वांत जाड भागात १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सियस, नोंदले गेल्याशिवाय ती खाऊ नये. हात बसल्यावर खांद्याच्या मांसाकडे वळावे. त्याचे आतले तापमान १५० ते १७० अंशांच्या दरम्यान येऊन तासन् तास तिथेच थबकते. पृष्ठभागावरून निघणारी वाफ मांसाला थंड करत असल्यामुळे असे होते, स्मोकर बिघडल्यामुळे नव्हे. अशा वेळी झडपा उघडून आग वाढवण्यापेक्षा वाट पाहावी किंवा मांस फॉइलमध्ये गुंडाळून पुन्हा ठेवावे, आणि सुमारे २०० अंशांवर सुई लोण्यात शिरावी तशी आत जाऊ लागली की उतरवावे.

काम संपल्यावर वरच्या-खालच्या सर्व झडपा मिटून आग विझू द्यावी. उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. राखेखाली निखारे दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतात, म्हणून ती प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा कागदी पिशवीत न टाकता झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून, घरापासून आणि लाकडी डेकपासून दूर ठेवावी.