आधी पिसू, मग उंदीर: काढणीनंतर घरात धान्य ठेवणाऱ्यांसाठी

सोयाबीन, बाजरी घरात आली. शेतं मोकळी झाली आणि बांधातली उंदरं गावाकडं वळली. या दिवसांत घरोघर एकच चूक होते. दुकानातून विष आणायचं, थेट बिळापाशी ठेवायचं आणि सकाळी मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर फेकायचा. धान्य वाचवण्याच्या घाईत त्या उंदराच्या अंगावरच्या, प्लेग पसरवू शकणाऱ्या पिसवांकडं कोणी बघत नाही. क्रम लक्षात ठेवा: आधी पिसू, मग उंदीर.

पिसू उंदराच्या रक्तावर जगते. उंदीर मेला, अंग थंड पडलं की ती त्याला सोडते आणि दुसरं गरम अंग शोधते. घरात दुसरा उंदीर उरला नसेल तर ते अंग तुमचं किंवा पोराचं असतं. तिला पंख नाहीत, उडीही वीतभराच्या आतबाहेर, म्हणून चावे बहुधा गुडघ्याखाली दिसतात. प्लेगची गाठ जांघेत जास्त येते, तीही याचमुळे.

उंदराला प्लेग असेल तर त्याच्या रक्ताबरोबर जंतू पिसवेच्या पोटात जातात. तिथं ते वाढतात आणि जठराच्या तोंडाशी बोळा बसल्यासारखे अडकतात. नवं रक्त पोटात उतरत नाही. पिसू उपाशी राहते, म्हणून पुन्हा पुन्हा चावते, आणि दर चाव्याला अडकलेलं रक्त जंतूंसकट जखमेत ओकते. पोटात असा बोळा बसायच्या आधीही काही पिसवा जंतू देऊ शकतात. उष्ण कोरड्या हवेत पिसवा टिकत नाहीत. पाऊस उघडल्यापासून थंडीपर्यंतची दमट, बेताच्या उबेची हवा त्यांना मानवते.

उवांबद्दलही विचारणा होते. डोक्यातल्या उवांनी प्लेग पसरल्याचा पुरावा नाही. कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ मात्र प्रयोगशाळेत जंतू पुढं देताना दिसली आहे. ती उंदराकडून येत नाही, माणसाकडून माणसाकडं जाते. अंथरूण-कपडे कडकडीत गरम पाण्यात धुवा आणि उन्हात टाका, एवढं पुरे. आपल्या घरात मुख्य धोका पिसवेचाच.

हे लांबचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक भीतीनं घरं सोडून बाहेर राहू लागले, धान्य मात्र बंद घरांतच राहिलं. उंदरांना खाणं भरपूर आणि माणसाचा त्रास नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा उच्छाद झाला, उंदीर मरू लागले आणि मग गाठीचे रुग्ण दिसले. त्याच्याही आधी, १८९६ पासूनच्या प्लेगच्या साथीत, उंदीर पडायला लागले की आपली माणसं गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायची. पिसवेचा दोष १८९८ मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी प्रयोगानं दाखवला, पण घर सोडलं की जीव वाचतो हे लोकांनी आधीच ओळखलं होतं. आज राज्यात साथ नाही. तरी त्याच जातीची पिसू अजून आहे आणि ती एक प्रकारचा टायफस तापही देते.

पिसवांची पारख सोपी आहे. बंद खोलीत पांढरे मोजे किंवा गुडघ्यापर्यंत पांढरं फडकं गुंडाळून चार-पाच मिनिटं फिरा. तपकिरी ठिपके उड्या मारत चढले तर विषाची पुडी फोडूच नका. माझा शेतावरचा अंदाज असा की शेणानं सारवलेल्या, भेगाळलेल्या जमिनीच्या खोलीत त्या जास्त सापडतात; तिथं आधी बघा.

पिसवांसाठी:
– मॅलाथिऑन ५ टक्के भुकटी. बिळाच्या तोंडाशी आणि उंदराच्या वाटेवर पातळ थर
– नाक-तोंड बांधून, हातमोजे घालून
– धान्यावर, पोत्यावर, चुलीजवळ नाही
– तीन-चार दिवस थांबून पुन्हा पांढऱ्या मोज्यांची पारख

पिसवा दिसेनाशा झाल्या की मगच उंदीर.

शेतात व बांधावर:
– दोन-तीन दिवस साधं, बिनविषाचं आमिष
– मग भरडलेलं धान्य ९६ भाग, गोडेतेल २, झिंक फॉस्फाईड २, काठीनं कालवा
– बिळात खोल, साधारण १० ग्रॅम, संध्याकाळी

घरात:
– सापळे, किंवा ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनची तयार वडी
– झिंक फॉस्फाईड घरात नाही, त्यावर उतारा नाही
– ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीच नाहीत. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूनं झोपेत माणसं गेली आहेत
– पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर

दुकानदार आवाजानं उंदीर पळवणारं यंत्र दाखवतात. पैसे घालवू नका, उंदीर आवाजाला सरावतो. बिनलेबलची सुटी पावडर तर हातातही घेऊ नका. मॅलाथिऑनच्या साध्या भुकटीचा खर्च त्या यंत्राच्या मानानं किरकोळ आहे.

विष न ठेवताच उंदीर मरू लागले, तर सगळं थांबवा. उंदीर मारायचे नाहीत, मेलेल्याला हात लावायचा नाही, मांजर-कुत्रं बांधून ठेवायचं, पोरांना त्या खोलीत सोडायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. त्यांना तपासणीसाठी उंदीर लागतो. विषानं मेलेला उंदीर मात्र चिमट्यानं धरा, वरून रॉकेल शिंपडा म्हणजे पिसवा उडणार नाहीत, आणि दोन फूट खोल पुरा.

घरात कोणाला अचानक जोराचा ताप आणि जांघेत, काखेत किंवा मानेला दुखरी गाठ आली, तर मेडिकलमधून गोळ्या घेऊन दिवस काढू नका. स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या औषधांनी प्लेग बरा होतो, पण ती वेळेत सुरू व्हावी लागतात. तापाबरोबर खोकला आणि रक्ताची थुंकी असेल तर पहिल्या २४ तासांतच दवाखाना गाठा, रुग्णाच्या तोंडाला फडकं बांधा, आणि डॉक्टरांना घरात उंदीर मेल्याचं स्वतःहून सांगा.