शातो द बोकास्तेलची बाटली उघडताय? या चुका टाळा

फ्रान्सहून येताना कुणीतरी शातोनफ-द्यु-पाप या वाईनसाठी प्रसिद्ध भागातली बाटली आणतं, घरी चार माणसं जमतात, बाटली उघडली जाते आणि पहिल्याच घोटाला कुणीतरी म्हणतं, अरे ही खराब झालीय बहुतेक. तिथल्याच बोकास्तेल या इस्टेटच्या रेड वाईनच्या बाबतीत तर हे हमखास होतं, आणि बहुतेक वेळा वाईन बिचारी ठीकच असते.

सगळ्यात मोठा घोळ तापमानाचा. "रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची" हे आपण कुठेतरी ऐकलेलं असतं, पण ते युरोपातल्या थंड घरांबद्दल आहे हो, मे महिन्यातल्या पुण्यातल्या हॉलबद्दल नाही. फ्रान्सच्या दक्षिण ऱ्होन खोऱ्यातल्या या भागात बऱ्याच मळ्यांत मोठे गोल गोटे पसरलेले असतात, ते दिवसभर तापतात आणि रात्री ऊब देतात, ऊनही भरपूर, त्यामुळे द्राक्षं चांगलीच पिकतात आणि अल्कोहोल सहज 14 टक्क्यांच्या आसपास जातं. अशी वाईन 28-30 डिग्रीला ओतली की नाकात नुसती स्पिरिटची झणझण, बाकी काही कळत नाही. 16 ते 18 डिग्री हवी. तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा, किंवा बर्फ आणि पाणी अर्धं अर्धं घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा (नुसत्या बर्फाने वेळ लागतो). ग्लासात बर्फ नको, प्लीज. जास्त गार झाली तर उलटं होतं, वास गायब आणि तुरटपणा वर, मग ग्लास तळहातात धरून बसा थोडा वेळ.

दुसरी गोष्ट वासाची. गोठा, चामडं, ओलं रान असा वास आला की लोक लगेच सिंककडे निघतात. थांबा. जुन्या बोकास्तेलमध्ये हा वास येणं नवीन नाही, त्यामागे बऱ्याचदा ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट असतं आणि त्यावर वाईनवाल्यांची वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत, काहींना तोच वास हवा असतो. माझं मत विचाराल तर थोडा असला की मजा येते, फळाचा वास पूर्ण झाकला गेला की नाही. ग्लास फिरवा, अर्धा तास द्या, बऱ्याचदा कमी होतो. पण भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास असेल आणि तासाभराने तो वाढतच असेल तर तो कॉर्कचा दोष, त्याला इलाज नाही, दुकानात परत करता येत असेल तर करा.

मग येतो "काही चवच नाही" हा प्रॉब्लेम. बोकास्तेलमध्ये शातोनफची परवानगी असलेली 13 च्या 13 जातींची द्राक्षं लावलेली आहेत, पण बाकीचे बरेच जण ग्रनाश या जातीवर भर देतात तिथे बोकास्तेलच्या रेडमध्ये मूरव्हेद्रचा वाटा मोठा असतो, आणि मूरव्हेद्र म्हणजे दाट, टॅनिनवाली (म्हणजे तुरट), हळूहळू उलगडणारी जात. त्यामुळे ही वाईन सुरुवातीची काही वर्षं छान फळांनी भरलेली लागते, मग मध्येच काही वर्षं गप्प बसते, आणि दहा-पंधरा वर्षांनी परत बोलायला लागते. नेमकी त्या गप्प काळात उघडली असेल तर डिकँटरमध्ये (वाईन ओतून ठेवायच्या रुंद काचेच्या सुरईत) ओतून दोन तास ठेवा, तरी नाहीच जमलं तर अर्धी दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवा. वीसेक वर्षं जुनी बाटली मात्र अशी तासन्‌तास उघडी टाकू नका, उरलासुरला सुगंध उडून जाईल. ती आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल, आणि प्यायच्या अगदी आधी हळूच ओता. कॉर्क तुटला तर घाबरायचं काही नाही, चहाच्या स्वच्छ गाळणीतून गाळून घ्या.

खरेदीत एक गफलत फार होते. कुदुले द बोकास्तेल ही त्याच पेराँ कुटुंबाची वाईन, 1909 पासून इस्टेट याच घराण्याकडे आहे, पण कुदुलेचा मळा हायवेच्या पलीकडे शातोनफच्या हद्दीबाहेर पडतो म्हणून ती कोत-द्यु-ऱ्होन या मोठ्या भागाच्या नावाने विकली जाते. वाईट अजिबात नाही, उलट रोजच्यासाठी तीच परवडते, पण तिला बोकास्तेलचे पैसे देऊ नका आणि वीस वर्षं जपूनही ठेवू नका. लेबलवर शातोनफ-द्यु-पाप लिहिलंय का ते बघा.

साठवणीचं थोडक्यात: किचनमधलं कपाट, फ्रीजच्या डोक्यावरची जागा, गाडीची डिकी, तिन्ही नको. कॉर्क बाहेर आलेला किंवा चिकट ओघळ दिसला तर बाटलीला उष्णता लागली असण्याची शक्यता जास्त.

आणि जेवण. झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर ही वाईन म्हणजे आगीत तेल, तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात आणि महागड्या बाटलीची चव कुणालाच लागत नाही. मटण चालेल, पण भाजलेलं, मिरीचं, कमी तिखट. उरलीच तर कॉर्क लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा, प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून.