सांधे आधी, गाणी नंतर: प्रोग्रेसिव्ह रॉकचा कन्सेप्ट अल्बम असा बांधा

कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच विषयाभोवती गुंफलेल्या गाण्यांचा अल्बम, करायचं ठरलं की बहुतेक बँड गोष्ट लिहायला बसतात. नायक ठरतो, त्याचं बालपण ठरतं, शेवटी तो मरणार की घरी परतणार यावर वाद रंगतात. मग गाणी सुटीसुटी रेकॉर्ड होतात, आणि ओळीनं लावून ऐकली तर सुटीच वाटतात. माझा अनुभव असा आहे की अल्बम एक वाटायला लागतो तो एका गाण्यातून दुसऱ्यात जातानाच्या जागांमुळे. आमच्या बँडमध्ये त्यांना आम्ही सांधे म्हणतो. सांधे आधी ठरवा, गाणी नंतर लिहा. बाकी सगळं त्यातून निघतं.

मी पुण्यात बास वाजवते. आमचा अल्बम 12 जुलै 1961 वर आहे, म्हणजे पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. पण बांधणी शिकले ती पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या 'द डार्क साईड ऑफ द मून'वरून. मार्च 1973 मध्ये आलेला हा अल्बम कसा घडला हे त्यात असलेल्या माणसांनीच इतकं सांगून ठेवलंय की तो एक वर्गच आहे.

विषय अरुंद हवा

1971 च्या अखेरीस फ्लॉइडची मंडळी ड्रमर निक मेसनच्या घरी जमली, तेव्हा बास वाजवणाऱ्या रॉजर वॉटर्सनं मांडला तो माणसावर येणाऱ्या दडपणांचा विषय: वेळ, पैसा, धावपळ, मरण, वेड. नायक नाही, कथानक नाही. पहिल्या अल्बमसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो, कारण ऐकणाऱ्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही. मूडी ब्लूज या बँडनं 1967 मध्ये 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड'साठी त्याहून सोपा साचा घेतला होता: पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस. आम्ही तोच उचलला. आदल्या रात्रीचा पाऊस, धरणावर वाळूची पोती रचणारे जवान, सकाळी पानशेत, मग खडकवासला, मग पेठांमधलं पाणी, मग चिखल. दिवसाला आपोआप सुरुवात आणि शेवट असतो.

विषय मोठा असला की काय होतं ते 'येस' या बँडच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'मध्ये (1973) ऐका. गायक जॉन अँडरसनला कल्पना सुचली ती परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र अशा चार रचना, तबकडीच्या चार बाजूंवर प्रत्येकी एक, मिळून ऐंशी मिनिटांच्या आसपास. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक वेकमननं नंतर उघड सांगितलं की ऐवज एका तबकडीपेक्षा जास्त आणि दोनपेक्षा कमी होता, म्हणून भर घालावी लागली. त्या अल्बममधले काही तुकडे मला जिवापाड आवडतात. तरी पहिल्या खेपेला कुणालाही मी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या पुढे जाऊ देणार नाही. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटंच नीट बसतात. जास्त कोंबली तर खाचा जवळ येतात आणि आवाज कमी ठेवावा लागतो. त्या मर्यादेनं 70 च्या दशकातल्या अल्बमना नाटकासारखे दोन अंक दिले. तुम्ही तबकडी काढणार नसलात तरी दोन अंक ठेवाच. मध्यंतरानंतर ऐकणाऱ्याचा कान पुन्हा ताजा होतो.

शब्द कोण लिहिणार हे याच टप्प्यावर ठरवून टाका. 'डार्क साईड'चे सगळे शब्द वॉटर्सचे आहेत आणि ते एकाच माणसाचे वाटतात. 'जेनेसिस'च्या 'द लॅम्ब लाईज डाउन ऑन ब्रॉडवे'साठी (1974) जवळजवळ सगळे शब्द गायक पीटर गेब्रिएलनं एकट्यानं लिहिले आणि संगीत मुख्यतः बाकीच्यांनी केलं. अल्बम थोर झाला, पण दौरा आटोपल्यावर 1975 मध्ये गेब्रिएल बँडबाहेर होता. एका हातानं लिहा, मात्र सगळ्यांच्या संमतीनं.

भिंतीवरचा तक्ता

एक मोठा कार्डशीट घ्या आणि आडवा लावा. डावीकडे शून्य, उजवीकडे 42 मिनिटं. खाली पाच ओळी आखा: स्वर, लय, ताल, बाहेरचे आवाज, आणि या क्षणी ऐकणाऱ्याला काय कळलेलं आहे. गाण्यांची नावं अजून लिहू नका. आधी उभ्या रेषा मारा. प्रत्येक रेष म्हणजे एक सांधा, आणि तिथे काय होतं ते एका वाक्यात लिहा.

सांधे मुळात तीनच प्रकारचे असतात: एक आवाज दोन्ही गाण्यांत चालू राहतो, किंवा एका झटक्यात कापतो, किंवा शांतता येते. शांतता महाग असते. आमच्या अख्ख्या अल्बममध्ये ती एकदाच आहे, पाणी ओसरल्यावर.

चालू राहणाऱ्या सांध्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली स्वर. शेजारच्या गाण्यांत एक तरी सामाईक स्वर शोधा आणि तोच कीबोर्डवर धरून ठेवा. ई मायनरमधून सी मेजरमध्ये जायचंय? ई दोन्हीकडे आहे. तो सोडू नका, खालून बास बदलू द्या. दुसरी लय. इथे आपल्याकडच्या लयकारीचा हिशोब फार उपयोगी पडतो. आमच्या अल्बमची मूळ लय 56 ठोके मिनिटाला. दीडपट केली की 84, दुपटीला 112. सगळी गाणी या तीन लयींतच आहेत. पावसाच्या गाण्यात 56 चालू असताना ड्रमवरची झांजांची जोडी, हाय-हॅट, दोन ठोक्यांच्या जागेत तीन वाजवायला लागते, थोड्या वेळानं बाकीचे तिच्यामागे येतात आणि आपण 84 मध्ये असतो. ऐकणाऱ्याला गाणं कधी बदललं ते सांगता येत नाही, पण पाणी वाढलंय हे अंगाला जाणवतं.

एक सूर, तीन वेळा

आता एक छोटी स्वराकृती हवी, तीन-चार स्वरांची, कुणालाही गुणगुणता येईल अशी. ती निदान तीनदा आली पाहिजे आणि प्रत्येक वेळी तिच्यात एकच गोष्ट बदलली पाहिजे. 'डार्क साईड'मध्ये 'ब्रीद'चा भाग 'टाइम'च्या शेवटी परत येतो. आणि 'एनी कलर यू लाइक' ही गायकी नसलेली रचना 'ब्रीद'च्याच दोन कॉर्डच्या चालीवर उभी आहे, फक्त एक पूर्ण स्वर खाली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही, तरी आपण इथे आधी येऊन गेलोय असं वाटत राहतं. तेच साधायचं आहे.

आमची आकृती खर्जातला सा, कोमल रे, परत सा. सुरुवातीला ती बासवर आहे, 56 च्या लयीत, जवळजवळ ऐकू न येणारी. पाणी शिरतं तेव्हा तीच आकृती गिटारवर दुपटीत येते. शेवटच्या गाण्यात हार्मोनियमवर येते आणि कोमल रे शुद्ध होतो. एवढा एकच बदल आम्ही शेवटपर्यंत राखून ठेवला.

विषम तालाबद्दल थोडं. प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हटलं की सात, नऊ, अकरा मात्रा हव्यातच असा समज आहे. 'डार्क साईड'मधलं 'मनी' सात मात्रांत आहे, सॅक्सोफोनचं सोलोही सातातच आहे, पण गिटारचं सोलो सुरू झालं की गाणं चारात जातं आणि छाती मोकळी होते. विषम ताल घ्याल तिथे अशी मोकळी जागा ठेवा. रूपक शिकलेल्यांना सात अवघड नाही: ती ती ना, धी ना, धी ना. ड्रमरला आकडे मोजायला लावण्यापेक्षा ठेका तोंडानं म्हणायला लावा. बाहेर पडायलाही आपल्याकडे तिहाई आहे. सातातल्या दोन आवर्तनांच्या 14 मात्रा, वर सम (पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा) धरून 15. म्हणजे पाच मात्रांचा तुकडा समेपासून सलग तीनदा घेतला की शेवटचा घाव बरोबर समेवर पडतो. त्या समेवर नवं गाणं सुरू करा. इतका पक्का सांधा दुसरा नाही.

रेकॉर्डिंगच्या आधी सलग वाजवा

हा टप्पा लोक गाळतात आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फ्लॉइडनं ही रचना स्टुडिओत जायच्या आधी जानेवारी 1972 पासून मंचावर सलग वाजवली, अल्बम यायच्या वर्षभर आधी. त्यात काय तग धरत नाही ते कळलं. धावपळीचा भाग आधी गिटार-कीबोर्डचा मोकळा वादनखंड होता. पुढे त्याच्या जागी ईएमएस सिंथी या सिंथेसायझरवरची गरगरणारी 'ऑन द रन' आली. मरणाच्या भागात आधी बायबलमधले उतारे टेपवरून वाजत. तिथे शेवटी क्लेअर टोरी या गायिकेचा शब्दांवाचूनचा आवाज आला.

तुम्हाला सभागृह मिळणार नाही, हरकत नाही. सरावाच्या खोलीत पाच-सहा जणांना बसवा, 42 मिनिटं न थांबता वाजवा, मधे कुणी बोलायचं नाही. फोनवर रेकॉर्ड करा. नंतर 'आवडलं का' विचारू नका. 'कुठे घड्याळाकडे बघितलंत?' एवढंच विचारा आणि ती मिनिटं तक्त्यावर लाल पेनानं खुणा करा. बहुतेक खुणा सांध्यांच्या आसपास पडतील.

माणसांचे आवाज

'डार्क साईड'मधली बोलणारी माणसं वॉटर्सनं मिळवली ती प्रश्नांच्या कार्डांनी. ॲबी रोड स्टुडिओत जो भेटेल त्याला बसवायचं, कार्डं एकामागून एक वाचायला द्यायची, उत्तर माइकवर. प्रश्न साधे, पण आतवर जाणारे: शेवटची मारामारी कधी केलीत, तेव्हा तुमचं बरोबर होतं का. पॉल मॅकार्टनीचीही उत्तरं घेतली होती, ती वापरली नाहीत; तो फार जपून बोलला. स्टुडिओचा दारवान जेरी ओड्रिस्कॉल मात्र शेवटी ऐकू येतो आणि अल्बम मिटतो तो त्याच्या वाक्यावर.

आम्ही पूर पाहिलेल्या आजी-आजोबांकडे गेलो तेव्हा 'त्या दिवशी काय झालं' असं विचारलंच नाही. ते उत्तर सगळ्यांचं ठरलेलं असतं, वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत झालेलं. आम्ही विचारलं, घरातून निघताना हातात काय घेतलंत? मग माणसं थांबतात. एक आजी म्हणाल्या, कुकरचं झाकण. भांडं राहिलं घरात. ते वाक्य अल्बममध्ये आहे, त्यामागे काहीही वाजत नाही. आवाज वापरायची परवानगी लेखी घ्या आणि तयार झालेला तुकडा त्यांना आधी ऐकवा.

वस्तूंचे आवाज तालात बसवायचे असतील तर 'मनी'ची सुरुवात अभ्यासा. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे आवाज टेपवर घेऊन, पट्टीनं मोजून सारख्या लांबीचे तुकडे कापून जोडले आणि त्या टेपचं वेटोळं फिरत ठेवलं. आज रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम मिनिटांचं आहे, पण मोजणी तेवढीच काटेकोर हवी. 'टाइम'मधली घड्याळं ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सनं दुकानात जाऊन एकेक करून घेतली होती. एकेक करून, हे महत्त्वाचं. आम्हीही पाऊस, पत्रा, बादली वेगवेगळे घेतले.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचे माझे नियम थोडे आहेत. सगळी गाणी एकाच प्रोजेक्टमध्ये, एकाच टाइमलाइनवर. प्रत्येक गाणं संपल्यावर आठ आवर्तनं पुढे वाजवत राहा, म्हणजे सांध्याला कापड उरतं. झांज पूर्ण विझेपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि सुरुवातीची प्रस्तावना सगळ्यांत शेवटी करा: 'डार्क साईड'ची प्रस्तावना 'स्पीक टू मी' ही पुढे येणाऱ्या घड्याळं, गल्ला, हास्य आणि किंकाळीच्या तुकड्यांतून रचलेली आहे, आणि तुकडे हाताशी असल्याशिवाय ते जमत नाही. मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत मिसळून त्यांचा तोल ठरवताना, बाहेरचा कान बोलवा. फ्लॉइडनंही अखेरच्या मिक्ससाठी ख्रिस टॉमसला आणलं होतं.

श्रेयाचा कागद

पाहुणे कलाकार बोलावण्याआधी श्रेय आणि पैसे लिहून घ्या. क्लेअर टोरीला जानेवारी 1973 मधल्या त्या गाण्याचे 30 पौंड मिळाले. ती सुरावट तिनं तिथल्या तिथे रचली होती. 2004 मध्ये ती न्यायालयात गेली, 2005 मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. तीस वर्षांहून जास्त काळ गेला. आमच्याकडे हार्मोनियम वाजवणाऱ्या काकांचं नाव रचनेच्या श्रेयात पहिल्या दिवसापासून आहे, कारण शुद्ध रे ही त्यांची सूचना होती.

पाठवताना

मास्टरिंग, म्हणजे आवाजाची पातळी आणि पोत यांचा शेवटचा हात, अख्ख्या अल्बमचं एकत्र करा, गाणं-गाणं नाही. नाहीतर हळू गाणी फुगतात आणि पावसापासून पुरापर्यंतची चढण सपाट होते. मग एकच लांब फाईल सांध्यांवर कापा. वेव्ह फाईलच द्या. एमपी3 करताना टोकांना शांततेचा किंचित तुकडा चिकटतो आणि सांधा उचकटतो. सीडी काढणार असाल तर कापण्याची जागा सीडीच्या फ्रेमवर आणा: सेकंदाला 75 फ्रेम, म्हणजे 588 सॅम्पलच्या पटीत. स्ट्रीमिंगवर चढवल्यावर रिलीजच्या आधी दुसऱ्याच कुणाच्या फोनवर, क्रॉसफेड (एक गाणं विझताना पुढचं त्यावर चढवणारी सोय) बंद करून, हेडफोन लावून प्रत्येक सांध्याचे वीस सेकंद ऐका. टिचकी ऐकू आली तर कापण्याची जागा ध्वनिलहर शून्यातून जाते तिथे सरकवा आणि दोन्ही बाजूंच्या फाईली पुन्हा पाठवा.