जुन्या गाडीत एबीएसची लाईट लागून राहिलीय? पार्ट घ्यायच्या आधी हे बघा

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. चावी फिरवली की एबीएसची पिवळी लाईट दोन-तीन सेकंद लागते आणि विझते, तेवढं नॉर्मल आहे, सिस्टम स्वतःला तपासत असते. ती विझलीच नाही किंवा गाडी थोडी पुढे गेल्यावर परत लागली तर समजायचं एबीएस बंद पडलंय. साधे ब्रेक लागतात, फक्त ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते, म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. पण सोबत ब्रेकची लाल लाईटपण असेल आणि हँडब्रेक पूर्ण खाली असेल तर गाडी तिथेच थांबवा. एकतर ब्रेक ऑइल कमी झालंय, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणासुद्धा बंद झालीय आणि मग जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. ऑइल कमी दिसलं तर नुसतं भरून विषय संपवू नका, पॅड झिजलेत का आणि कुठे गळतंय का ते बघा.

आता फक्त पिवळी लाईट आहे असं धरूया. गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेला बिघाडाचा कोड स्कॅनरने वाचल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका हे माझं ठाम मत आहे. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये थेट एबीएसचं मॉड्युल, म्हणजे ते चालवणारा मुख्य भाग, बदलायला सांगितलेलं, मी स्वतः बघितलं तर पुढच्या चाकाचा स्पीड मोजणाऱ्या सेन्सरची वायर आतून तुटलेली होती, बाकी काहीच नाही. स्वस्तातला स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो, एबीएसचे नाही, त्यामुळे एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो. त्यात सी ने सुरू होणारे कोड येतात आणि कुठल्या चाकाचा सिग्नल येत नाहीये ते कळतं. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नाही बरं का, त्या चाकाकडे बघा एवढंच तो सांगतोय.

ते चाक उचला, पण नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा आणि बाकीच्या चाकांना अडण्या लावा. सगळ्यात आधी वायर बघायची, खास करून जिथे ती शॉकअब्सॉर्बरजवळ स्टेअरिंगसोबत वाकते तिथे. बाहेरून रबर धड दिसतं आणि आतली तार तुटलेली असते, म्हणून बोटांनी थोडी थोडी वाकवत जायचं, एखादी जागा जास्तच मऊ लागली की सापडलं. कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का तेही बघा.

मग मल्टिमीटर. जुन्या गाड्यांमध्ये बरेचदा कॉइलवाला सेन्सर असतो, त्याचा रेझिस्टन्स साधारण १००० ते २००० ओहमच्या आसपास येतो, पण आकड्यापेक्षा दुसऱ्या बाजूच्या चाकाशी तुलना करणं जास्त उपयोगाचं, एकीकडे १२०० आणि दुसरीकडे मीटर अनंत दाखवतोय म्हणजे सर्किट तुटलंय. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं तर थोडा व्होल्टेज यायला पाहिजे, आणि चाक जोरात फिरवलं की वाढायला पाहिजे. नंतरच्या गाड्यांमध्ये ॲक्टिव्ह सेन्सर, म्हणजे वीज दिल्यावरच चालणारा, येतो, त्यालाही दोनच वायरी असतात त्यामुळे बघून ओळखता येत नाही, गाडीचं मॅन्युअल बघा, कारण त्याला ओहममीटर लावून काही कळत नाही आणि सेन्सर खराबही होऊ शकतो. तिथे स्कॅनरवर चारही चाकांचा स्पीड लाइव्ह लावा, दुसऱ्याला हळूहळू गाडी चालवायला सांगा आणि कुठलं चाक शून्यावर पडतं ते बघा.

रेझिस्टन्स बरोबर आहे आणि तरी लाईट? मग गंज. जुन्या गाडीत हे फार होतं आणि लोक हेच बघत नाहीत. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगतो, सेन्सर थोडासा वर उचलला जातो, चाकासोबत फिरणाऱ्या ज्या रिंगवरून तो स्पीड मोजतो तिच्यापासूनचं अंतर वाढतं आणि कमी स्पीडला सिग्नल गायब. गाडी अगदी थांबताना पेडल उगाच थरथरत असेल तर हा संशय पक्का धरा. सेन्सर काढताना हातोडी मारू नका, गंज सोडवायचं तेल टाकून थोडं थोडं फिरवत काढा, तरी जुना सेन्सर तुटू शकतो म्हणून नवा हाताशी ठेवूनच सुरुवात करा. बैठक वायर ब्रशने चकचकीत करा. दात्यांची रिंग पूर्ण एक फेरा फिरवून बघा, ॲक्सलवरची रिंग गंजाने फुगून चिरते. बेअरिंग नुकतंच बदललं असेल आणि त्यानंतर लाईट लागली असेल तर ते उलटं बसलंय का विचारा, काही बेअरिंगमध्ये एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी रिंग असते, ती बाजू सेन्सरकडे यायला हवी.

कोड चाकाचा नसून पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा असेल तर फ्यूज, रिले, मॉड्युलचं अर्थिंग आणि बॅटरी. बॅटरी मेलेली असली तरी लाईट लागते. हे सगळं ठीक निघालं तरच मॉड्युल, आणि तेही आधी रिपेअर होतंय का विचारा.

काम झालं की कोड पुसा आणि गाडी थोडी चालवा, काही गाड्यांत चाकांचा स्पीड नीट दिसल्याशिवाय लाईट विझत नाही. मग रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ३०-४० च्या स्पीडला ब्रेक एकदम पूर्ण दाबा. पायाखाली पेडल धडधडलं आणि गाडी सरळ थांबली की झालं काम.