ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लीकेज, घरीच खोलला

रोज सकाळी गाडीखाली लाल तेलाचं थारोळं दिसे. इंजिन ऑइल असतं तर काळं राह्यलं असतं, हे लाल म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. यवतमाळच्या मेकॅनिकनं सांगतलं गिअरबॉक्सच बदला, तेवढ्या पैशात माह्या वावराचं बी-बियाणं येते भाऊ!

मंग गाडी कडुलिंबाखाली घेतली, प्रोपेलर शाफ्ट, कूलरचे पाइप, कन्व्हर्टरचे (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सले देणारा डबा) बोल्ट सगळं काढलं (क्रँक, म्हणजे इंजिनाचा मेन दांडा, पान्यानं फिरवत एकेक बोल्ट समोर आणा लागते) आन् जॅकवर बॉक्स खाली उतरवला. काका म्हणे, "काहून खोलून रायला बे, बसवता येईन का?"

लीकेज पुढच्या पंपाच्या सीलचं होतं, रबर पार कडक, नखानं दाबलं तर तुकडा पडला. मातर आतला बुशही (फिरत्या भागाले आधार देणारी धातूची बांगडी) एका बाजूनं घासला होता, नुसतं सील टाकलं असतं तर महिन्यात परत तेच. म्हणून बुश, सील आन् क्लच प्लेटा नव्या, प्लेटा रातभर एटीएफमंधी भिजवल्या. आन् पुसाले कापसाची चिंधी घेतली नाही, धागे व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या बारीक वाटा असते तो भाग) अटकतात. कापसाच्या जिल्ह्यात राहून कापसाले बंदी!

घोळ झाला कन्व्हर्टरचा. पयल्यांदा तो पंपात पुरा बसलाच नव्हता, बोल्ट आवळले असते तर पंप फुटला असता. फिरवत फिरवत दाबला तवा टक, टक करून आत गेला.

तेल भरून, इंजिन गरम करून, चालू ठेवूनच लेव्हल पाह्यली. खाली पुठ्ठा टाकला होता, सकाळी कोरडा.