सही करण्याआधी खोकी मोजा

पुण्याजवळ वाकडला आमच्या सोसायटीत दर जूनमध्ये एखादा ट्रक येतो आणि त्यातून सगळ्यात आधी कूलर उतरतो. कूलर दिसला की समजायचं, आपल्या विदर्भातलं कुटुंब राहायला आलं. मी चहा विचारायला खाली जातो आणि सामान कसं आणायचं, दर वेळी तेच ते सांगत बसतो. म्हणून या खेपेला लिहूनच टाकतो.

कूलर आणू नका. एप्रिलमध्ये इथेही तापतं, पण अकोल्या-अमरावतीसारखं नाही, आणि संध्याकाळी वारा सुटतो. माझा कूलर सात वर्षं गॅलरीत पडून होता, त्यात कबुतरांच्या तीन पिढ्या वाढल्या.

गॅसचं सोपं आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर तिथल्या एजन्सीत जमा करा, अनामत परत घ्या, टर्मिनेशन व्हाउचर जपून ठेवा. त्यावर इथे नवं कनेक्शन मिळतं. भरलेला सिलिंडर सामानात लपवून पाठवणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका.

आता माझी चूक. २००९ साली आम्ही अमरावतीहून आलो तेव्हा स्वस्त पडतं म्हणून अर्ध्या गाडीचं भाडं ठरवलं. उरलेल्या गाडीत दुसऱ्या कोणाचं तरी सामान. वाटेत एका गोडाऊनमध्ये सगळं उतरवलं आणि दुसऱ्या गाडीत भरलं, हे मला नंतर कळलं. गाडी आली रात्री साडेनऊला, पावसात. वॉचमन गेटवर ओरडत होता, ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, बिल्टीवर सही मारा, गाडी काढायची आहे." मी मारली. बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, "सामान मिळाले" एवढंच त्यावर छापलेलं. सकाळी बायकोने विचारलं, आईंची परात कुठे आहे? पितळेची परात, पाण्याचे दोन गुंड, तांब्याचा बंब, सगळं एकाच खोक्यात होतं आणि ते खोकं नव्हतं. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, सही तुमचीच आहे ना?

म्हणून प्रत्येक खोक्यावर जाड मार्करने आकडा घाला, वर नाही, दोन बाजूंना. एकावर एक रचली की वरचा आकडा दिसत नाही. वहीत यादी करा: १४ नंबर, पितळ; १५ नंबर, मुलांची पुस्तकं. यादीची एक प्रत ड्रायव्हरच्या सहीने स्वतःकडे ठेवा. उतरवताना घरातला एक माणूस फक्त दारात उभा राहून खुणा करेल, खोकी उचलणार नाही, चहा करणार नाही. ड्रायव्हर कितीही घाई करो, आकडे जुळल्याशिवाय सही नाही. काही कमी निघालं किंवा फुटलं तर बिल्टीवरच तसं लिहा आणि मग सही करा. कायद्याने ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस द्यायला बुकिंगपासून १८० दिवस मिळतात. मला हे एका वकील शेजाऱ्याने सांगितलं, तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

आणि जमलं तर पूर्ण गाडीच करा.

बांधाबांधीचं म्हणाल तर ताटं-बश्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, मध्ये जुने कपडे. पुस्तकं लहान खोक्यात. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की ते उचलताना तळ सुटतो. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून घ्या, गाडीत उभाच ठेवा, आणि इथे पोचल्यावर लगेच चालू न करता काही तास तसाच राहू द्या. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावलेले, आपण पहिल्याच दिवशी फेकून देतो. शोधा, सापडले तर परत बसवा. लोणच्याची बरणी ट्रकमध्ये देऊच नका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोराची गादी लोणच्यात मुरून आली होती.

कापसाच्या गाद्यांना प्लॅस्टिक गुंडाळा, पण पोचल्याबरोबर काढा. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर भुरभुरत राहतो आणि गुंडाळलेल्या गादीला आतून वास येतो.

समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरपर्यंत सामान आता लोण्यासारखं येतं. खरे धक्के आणि गर्दी पुढे, पुण्याच्या वेशीवर वाघोलीला तर विचारूच नका. त्यामुळे गाडी कधी पोचेल हे ड्रायव्हरच्या शब्दावर सोसायटीला सांगू नका. सोसायटीचं पत्र, लिफ्टची वेळ, सामान आत घ्यायचे पैसे, हे आठवडाभर आधी सेक्रेटरीकडून लेखी घ्या. पुणेकर नियमावर भांडतो, पण कागद दाखवला की गप्प बसतो. हा त्याचा गुण मला आवडतो. आपली माणसं मात्र "पाहून घेऊ" म्हणत येतात आणि रात्री गेटवर वॉचमनच्या पाया पडतात. लोखंडी कपाट लिफ्टमध्ये मावतं का, तेही मोजून घ्या. हमाल जिन्याचे पैसे मजल्यामागे लावतात.

खोकी फेकू नका. घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो, मालकाचं मन कधी बदलेल सांगता येत नाही. कमी पडली तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पॅकिंगचं सगळं मिळतं. सुतळी तिथूनच घ्या.